सिल्व्हरचा तिसरा हात

"ठेव ती गन खाली," बाबा म्हणाले. "तिसरो हात माझो."

मी रंग फवारायची गन ठेवली. आपटली नाही, पण नुसत्या ठेवण्यातूनही राग ऐकवता येतो, तेवढा ऐकवला. बाबांनी तो ऐकला आणि ऐकलाच नाही असं तोंड केलं.

"कित्या?" मी विचारलं. "प्रायमर मी मारलंय, पयलो हात मी मारलंय, दुसरोय मीच मारलंय. तिसऱ्याकच माझ्या हाताक काय धाड भरली?"

"पयल्या दोन हातांची चूक तिसऱ्याखाली झाकता," ते म्हणाले. "तिसऱ्याची खय झाकशीत?"

बाबा कमी बोलायचे, पण जे बोलायचे त्यावर बहुधा उत्तर नसायचं, आणि त्याचाच मला संताप यायचा.

रंगाच्या थराला रंगारी लोक हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात. होडी असो, गाडी असो, देवळाचा दरवाजा असो, हात मारायचा असतो किंवा द्यायचा असतो. आणि शेवटचा हात ज्याचा, त्याचं काम. खाली कुणी घासलं, कुणाच्या बोटांची सालं गेली, हे कुणी विचारत नाही. मालवणपासून देवबागपर्यंत लोक एखाद्या मडगार्डवर बोट ठेवून म्हणायचे, हो वासू पेंटरचो हात. मी चार वर्षं त्याच वासू पेंटरच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, शेडमध्ये घासत होते, खड्डे बुजवत होते, पहिले दोन हात मारत होते आणि माझं नाव कुठंच नव्हतं. मला ते हवं होतं. बावीस वर्षांची होते. लग्न नको होतं, मुंबई नको होती. कुणीतरी कधीतरी गाडीकडे बघून 'हो सुरंगीचो हात' म्हणावं, एवढं एकच हवं होतं. आईला हे सांगितलं असतं तर तिने माझी दृष्ट काढली असती. बाबांना सांगायची गरज नव्हती, त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी शेडमध्ये बस्त्यावकाकांचे चार बेडूक उभे होते. बस्त्याव डिसोझा हा बाबांचा शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याचा किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत फिरवण्याचा धंदा. चार जाड चाकांच्या त्या उघड्या गाड्यांना शहाणे लोक एटीव्ही म्हणतात. आमच्याकडे बेडूक म्हणत, कारण हँडल धरून वाकून बसलेला पुण्याचा माणूस लांबून तसाच दिसतो. खारा वारा आणि वाळू त्या गाड्यांना खातात. इंजिनाची कव्हरं अॅल्युमिनियमची. एका पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, मग जुना रंग पोपडे सोडतो. म्हणून दरवर्षी दिवाळी उलटली की चारही बेडूक आमच्याकडे यायचे आणि डिसेंबरच्या गर्दीआधी चकाचक होऊन परत जायचे.

कव्हरं काढून रंगवणं सोपं, पण ती काढली तर आतलं तेल काढा, पॅकिंग बदला, अशा सतरा भानगडी. बाबा जागेवरच रंगवायचे. इंजिन सोडून बाकी सगळी गाडी वर्तमानपत्रात गुंडाळायची, कडेकडेने टेप लावायची, आणि मधून फक्त कव्हरं उघडी ठेवायची. एका गाडीला चार, म्हणजे एकूण सोळा कव्हरं. ती टेप लावण्यात माझा आदला अख्खा दिवस गेला होता.

"तुझी चूक ठावक आसा तुका?" बाबांनी विचारलं. ते रंग कालवायला बसले होते. सिल्व्हर, त्यात हार्डनर, त्यात थिनर. ढवळताना ते मनात आकडे मोजायचे आणि तेव्हा बोलायचे नाहीत. त्या दिवशी मात्र बोलत होते.

"मनगट वळता," मी म्हटलं. हजारदा ऐकलं होतं.

"खय वळता?"

"कडेक."

"कित्या वळता?"

"माका काय ठावक!"

"कड इली की तुका वाटता, झाला. झाला नाय." त्यांनी ढवळणी बाजूला ठेवली आणि छातीवरून तळवा फिरवला. "गन कडेच्या भायर सुरू करूची, कडेच्या भायर सोडूची. आणि हात सुरू झालो की मदी थांबाचा नाय. थांबलंस की ओघळ इलो. भायर आग लागली तरी थांबाचा नाय."

"आग लागली तर आधी थिनरचो डबो पेटतलो," मी म्हटलं. "मग मी आणि तुमी, दोघांवर एकदमच शेवटचो हात."

ते हसले. बाबा हसले की आधी त्यांचे खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा. त्या दिवशी खांदे हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा त्यांनी छातीवर तळवा फिरवला.

"काय होता?"

"पित्त. तुझ्या आवशीन सकाळी घावन्यांबरोबर चटणी दिल्यान मां, ती."

मी त्यांना कोकमाचं आगळ पाण्यात घालून मीठ टाकून दिलं. ते त्यांनी दोन घोटांत प्यायलं आणि पेला मला परत न देता जमिनीवर ठेवला. त्यांनी रंग गाळून गनच्या वाटीत ओतला. कॉम्प्रेसर चालू केला. हातरुमाल भिजवून नाकाला बांधला. मास्क फक्त माझ्यासाठी होता. स्वतःला ते जुन्या जमान्यातले समजायचे. गन उचलली, पहिल्या बेडकासमोर उकिडवे बसले आणि तसेच बसून राहिले.

मग गन खाली ठेवून उठले.

"जरा भायर बसान येतंय. वाऱ्यार."

"मी मारू?"

"नको. धा मिनटां."

शेडला तीन बाजूंनी पत्रा होता. मागची चौथी बाजू माडांच्या वाडीकडे उघडी होती, आणि धूळ येऊ नये म्हणून तिथे जाड ताडपत्रीचा पडदा सोडलेला असायचा. रंग मारायच्या आधी आम्ही त्याच्यावर पाणी मारायचो, म्हणजे उडती धूळ त्याला चिकटते. बाबा तो ओला, जड पडदा खांद्याने बाजूला करून गेले. पडद्याबाहेर लगेच चिऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. दुपारचा चहा ते तिथंच बसून घ्यायचे.

मी आत उभी राहिले. गनमध्ये रंग भरलेला होता. एकदा हार्डनर पडला की रंग कुणासाठी थांबत नाही. नोव्हेंबरच्या त्या उकाड्यात पाऊण तास मिळतो, फार तर. मी कव्हरांवरून चिकट फडकं फिरवलं. धूळ नव्हतीच, तरी पुन्हा फिरवलं. मास्क चढवला, काढला, चढवला. गनकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर भूक लागलेल्या माणसाने ताटाकडे बघावं तशी बघत होते.

दहा मिनिटं झाली असतील.

"सुरंगे," बाहेरून बाबांची हाक आली.

"काय, बाबा?"

टाकीतली हवा कमी झाली की कॉम्प्रेसरची मोटर आपोआप सुरू होते. ती नेमकी तेव्हा सुरू झाली, आणि पत्र्याची शेड तिच्या आवाजाने भरून गेली. त्या आवाजातून मला ऐकू आलं:

"हात दी."

मी गनकडे वळले.

"तिसरो?" मी ओरडून विचारलं.

"दी गे. हात दी."

"दितंय!" मी ओरडले. "दितंय, बाबा!"

आणि मी गन उचलली.

तो हात कसा मारला ते मला आजही ओळीने सांगता येईल. पहिल्या बेडकाच्या क्लचचं कव्हर. कडेच्या बाहेर गन सुरू केली, श्वास धरला, आणि गन कव्हरावरून सरळ घेऊन पलीकडे गेले. मनगट वळलं नाही. दुसरी ओळ पहिलीच्या निम्म्यावर. मनगट वळलं नाही. ओल्या सिल्व्हरमध्ये ट्यूबलाइटची एक पट्टी उमटली होती आणि ती कुठंही मोडत नव्हती. चार वर्षं बाबा मला सांगत होते आणि चार वर्षं मला जे समजत होतं पण जमत नव्हतं, ते एका क्षणात माझ्या खांद्यातून दंडात आणि दंडातून बोटांत उतरलं. मला इतका आनंद झाला की मास्कच्या आत मी मोठ्याने हसत होते.

दुसऱ्या बेडकाला सुरुवात केली तेव्हा पुन्हा हाक आली. या वेळी नुसतं "सुरंगे," आणि मग काहीतरी, ज्यातला 'हात' तेवढा कळला.

"दितंय हां, बाबा!" मी गन न थांबवता म्हटलं. "जरा रवा!"

तिसऱ्या बेडकाच्या वेळी बाहेरच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. मी रेंगाळले की बाबा असेच पत्र्यावर थापटायचे. मी म्हटलं, घाई करतायत. मनात म्हटलं, यांना धीर नाही, आत येऊन बघायला उतावीळ झालेत. चौथा बेडूक मी शांतपणे केला. शेवटच्या कव्हराच्या कडेबाहेर गन सोडली आणि एक एक करून सोळाही कव्हरांवर वाकून बघितलं. एक ओघळ नव्हता, एक कण नव्हता. वीस मिनिटं लागली होती.

मी मास्क गळ्यात ओढला आणि पडद्याकडे गेले.

"बाबा," मी म्हटलं, "येवन बघा तुमच्या डोळ्यांनी. मग बोला मनगट वळता म्हणान."

पडदा बाजूला केला.

बाबा सगळ्यात खालच्या पायरीवर बसले होते. एका कुशीवर पत्र्याला टेकलेले. डावा हात मांडीवर होता. उजवा हात मागे, वरच्या पायरीवर, पडद्याच्या दिशेने लांब केलेला. तळवा वर होता आणि बोटं उघडी होती.

मी खाली बसले आणि माझा हात त्या हातात दिला. तो अजून कोमट होता. मी तो ओढला, हलवला, बाबा, बाबा म्हटलं, दोन्ही हातांनी धरला. बोटांनी माझी बोटं धरली नाहीत.

आता यापुढचं नीट सांगायला हवं, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आमच्या धंद्यात हात मारतातही आणि देतातही. मी म्हणायचे, दितंय. बस्त्यावकाका म्हणायचे, दोन हात दी रे. पण बाबा कायम मारायचे. 'पयलो हात मार', 'दुसरो मारलंस?' 'हात दी' असं त्यांच्या तोंडून चार वर्षांत मी कामासाठी एकदाही ऐकलं नव्हतं. आणि कामाबाहेरही ऐकलं नव्हतं, कारण बाबांनी जन्मात कुणाचा हात मागितला नव्हता. गुडघा सुजला होता तेव्हा शेडचा खांब धरून उठायचे, आणि मी हात पुढे केला की दुसऱ्या खांबाकडे जायचे. त्यामुळे ते दोन शब्द मला दोन्हीकडून नवे होते, आणि त्यातला मला हवा तो अर्थ मी उचलला. एवढंच असतं तर कदाचित मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं.

पण दुसऱ्या हाकेला आवाज बदललेला होता. मोटर चालू होती, तोंडावर मास्क होता, पडदा जड होता, सगळं खरं. तरी मला कळलं की हा आवाज नेहमीचा नाही. कळलं, आणि त्याच वेळी मनात आलं, आत्ता बाहेर गेले तर बाबा उठून आत येतील आणि गन मागतील. मला गन द्यायची नव्हती. म्हणून मी 'जरा रवा' म्हटलं.

आणि बाबा थांबले. हात पुढे करून थांबले, कारण मुलगी 'दितंय' म्हणाली होती.

मी तिथं किती वेळ बसले होते ते आठवत नाही. उठले तेव्हा जे केलं ते मात्र सगळं आठवतं, आणि ते करताना माझं डोकं फार थंड होतं, याची मला आजही किळस येते. गनमधला उरलेला रंग मी ओतून टाकला. हात थिनरने धुतले, मनगटापर्यंत, नखांच्या आतून. मास्क खुंटीला लावला. बाबांचा ओला हातरुमाल त्यांच्या गळ्यात होताच. मग पुढच्या दाराने रस्त्यावर जाऊन मी किंचाळले.

सगळ्यांत आधी बस्त्यावकाका पोचले, ते गाड्या बघायलाच निघाले होते. त्यांनी बाबांना मांडीवर घेतलं, नाकाला हात लावला, छाती दाबली, पुन्हा दाबली. मग माझ्याकडे वळून विचारलं,

"तू खय होतंस गे, सुरंगे?"

"थिनर आणूक गेल्लंय," मी म्हटलं.

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण 'हयच होतंय' हे शब्द तोंडात आले आणि त्यांच्यामागून सगळंच बाहेर पडेल असं वाटलं. शेडच्या आत काकांनी सोळा ओली कव्हरं बघितली आणि बाकीची गोष्ट त्यांनी स्वतःच जुळवली. वासूने तिसरा हात पुरा केला, दमला, वाऱ्याला येऊन बसला आणि गेला. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या वाडीची गोष्ट झाली. मला तिच्यात एक शब्दही घालावा लागला नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलंय, त्यांना कळलंही नसेल.

"दुखला नसात मां गे तेंका?" आई मला रात्रंदिवस विचारायची.

"नाय, आये. डॉक्टर म्हणाले मां, एका क्षणात."

"हाक मारल्यानी आसती तर कोणाक तरी गेली आसती."

"हाक मारूक वेळच गावलो नसात."

एवढ्यावर तिचं समाधान व्हायचं आणि ती पदराने डोळे पुसायची. मग तासाभराने पुन्हा तेच विचारायची. मी पुन्हा तेच सांगायचे. वीस मिनिटं, दोन हाका आणि पत्र्यावरच्या दोन थापा मी गिळून टाकल्या होत्या. त्या आजपर्यंत खाली उतरलेल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर बस्त्यावकाका गाड्या न्यायला आले. मी टेप आणि वर्तमानपत्रं आधीच काढून ठेवली होती. ते एका बेडकासमोर गुडघ्यांवर बसले आणि कव्हरावर न टेकवता तळवा फिरवत राहिले, विस्तवावर धरतात तसा.

"बघ," ते म्हणाले. "मरणाच्या दारात बसलेल्या माणसान मारलेलो हात आसा हो. एक ओघळ दाखव माका. चाळीस वर्सां त्येचा काम बघतंय, पण असो हात वासूनय कधी मारूक नाय."

मी पत्र्याला टेकून उभी होते. चार वर्षं मला जे ऐकायचं होतं, ते माझ्यासमोर बोललं जात होतं, अगदी त्याच शब्दांत, फक्त नाव सोडून. हा हात बाबांचा नाही हे ओळखू शकणारा जगात एकच माणूस होता. तो असता तर त्याने कव्हर उजेडात तिरपं धरून सांगितलं असतं, हो माझो न्हय.

"होय, काका," मी म्हटलं. "बाबांचो हात."

त्यांना ते एवढं लागलं की त्यांनी एका गाडीचं क्लचचं कव्हर उघडलं, मेकॅनिककडून तिथं नवं बसवून घेतलं आणि ते रंगवलेलं कव्हर घरी आणून आईच्या हातात दिलं. आईने ते बाबांच्या फोटोशेजारी ठेवलं. रोज सकाळी देवांची पूजा झाली की ती फोटोला हार घालायची, आणि कव्हर पदराने पुसायची. त्याला हळद-कुंकू लावायची नाही. म्हणायची, डाग पडात. बाबांच्या फोटोकडे ती बघायची, पण बोलायची मात्र कव्हराशी.

जानेवारीत बस्त्यावकाकांनी एक जुना बेडूक विकत घेतला आणि आमच्या शेडसमोर आणून उभा केला.

"शेड बंद करू नको," ते म्हणाले. "बापाशीन शिकवल्यान ता खय जाता? तू मार."

मी पांढरी भुकटी घासली, टेप लावली, प्रायमर मारला. पहिला हात मारायला घेतला आणि कॉम्प्रेसरची मोटर सुरू झाली. माझी गन थांबली. मी ऐकत होते. पडद्याकडे बघत होते. बाहेर कुणी नव्हतं, मला ठाऊक होतं. मी पुन्हा गन सुरू केली, चार बोटं पुढे गेले आणि पुन्हा थांबले. एकदा गन ठेवून पडद्याबाहेर जाऊन आले. मग दुसऱ्यांदा गेले. पायऱ्या रिकाम्या होत्या. परत येऊन बघितलं तर कव्हरावरून सिल्व्हर खाली गळत होतं. ते घासून काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मारलं. पुन्हा तेच. असे सहा दिवस गेले.

सहाव्या दिवशी दुपारी आई पेज घेऊन शेडवर आली. बाबा गेल्यापासून ती तिथं पहिल्यांदाच येत होती. तिने डबा ठेवला आणि बेडकासमोर वाकून बसली. रंगातलं तिला काही कळत नव्हतं, पण दोन महिने ती रोज एक कव्हर पुसत होती, तेवढं कळायला पुरेसं होतं. तिने एका ओघळावर बोट धरलं. मग दुसऱ्यावर.

माझं ठरलं. आत्ता सांगायचं. हिला सांगायचं की ते कव्हर कुणाचं आहे, आणि मग ते कव्हर मारलं जात असताना पडद्याबाहेर काय चाललं होतं तेही सांगायचं. एक सांगितल्याशिवाय दुसरं सांगता येत नव्हतं.

"आये," मी म्हटलं, "घरातला ता कव्हर आसा मां..."

"माका ठावक आसा गे," आई म्हणाली. तिने माझ्या केसांवर हात ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. इतक्या मायेने ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. "त्येच्यासारखा करूक बघतंस. नको जिवाक लावन घेव. तेंचा ता तेंच्याबरोबर गेला. तुका असो हात जल्मात जमाचो नाय, बाय."

कॉम्प्रेसरची मोटर सुरू झाली. मी पडद्याकडे बघितलं.

"नाय जमाचो, आये," मी म्हटलं.